आवडती कानस

मालनचा डोळा लागतोय. लागतोय म्हणजे अजून लागलेला नाही. उंबऱ्यावर उभ्या पाहुण्यासारखा आत यावं की नको अशा संकोचात आहे. दुपारचं जेवण अंगावर आलंय, डोक्यावर पंखा कुरकुरतोय, आणि कॉटवर तिच्या शेजारी जुन्या वर्तमानपत्रावर कानशी पसरल्यात. सपाट, गोल, तिकोनी, अर्धगोल. हातभर लांबीच्या, बोटभर लांबीच्या. जेवणानंतर कार्यालयात वऱ्हाड लवंडावं तशा आडव्यातिडव्या.

झालंय असं, की उद्या निवृत्तीचं वर्षश्राद्ध आहे. निवृत्ती सुतार म्हणजे मालनचा नवरा. नाव निवृत्ती, पण निवृत्त होणं काही त्याला जमलं नाही. कुपवाडात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये द्राक्षबागांच्या फवारणी पंपांचे पितळी नोझल करत करतच तो गेला. सकाळी पुण्याहून लेकीचा, रोहिणीचा फोन आला.

"आई, उद्या फोटोपुढं बाबांच्या आवडीचं ठेव हं."

"ठेवते की. शेंगापोळी करणाराय."

"खायचं नव्हे गं! त्यांची आवडती कानस ठेव. किती छान वाटेल!"

रोहिणीला बोलायला काय जातंय! नवऱ्याला पुरणपोळी आवडते की शेंगापोळी, हे बायको सांगू शकते. ताटात काय उरतं आणि काय बोटानं पुसून जातं, त्यावरून कळतं. पण आवडती कानस? माणूस काही कानस पुसून खात नाही. मालननं शेडमधली पेटी आणून सगळ्या कानशी मांडल्या, एकेक उचलून बघितली, आणि सगळ्यांनी तिच्याकडं सारख्याच निर्विकार चेहऱ्यानं बघितलं.

दुसरं काम संध्याकाळचं आहे. एमआयडीसीच्या फाट्यावर, एसटीच्या थांब्याजवळ, तिनं नवऱ्याच्या नावानं सिमेंटचा बाक दिलाय. 'कै. निवृत्ती ज्ञानू सुतार यांच्या स्मरणार्थ' एवढं इलाही पेंटरनं काल रंगवलं. खालची ओळ आज रंगवायची आहे. ती ओळ म्हणजे निवृत्तीचे शेवटचे शब्द. मालनला म्हणालेले. 'बरी राहा.'

आता परक्याला यात काही वाटणार नाही. पण निवृत्ती हा माणूस कसा होता, तर बायकोनं जीव ओतून केलेल्या जेवणाला 'चालेल' म्हणणारा. तिनं नवीन लुगडं नेसून विचारलं, कसं दिसतंय, तर 'लांब आहे' म्हणणारा. सगळ्या संसारात त्याच्या तोंडून गोड शब्द म्हणून जो काय पडला तो जाता जाता हा एक. मालननं तो वर्षभर पदराच्या गाठीत बांधल्यासारखा जपलाय. आज तो सिमेंटवर उतरणार म्हणजे पक्का झाला. पावसानं जाणार नाही, कुणी नेणार नाही.

तिला उठून उशी घ्यायची आहे, पण उशीपर्यंत हात पोचत नाही. चष्मा तसाच डोळ्यांवर आहे. उजव्या कानामागं हुळहुळतंय. हे दुखणं तिचं जुनंच. हळद लावून झाली, खोबरेल झालं, डॉक्टरांनी साबण बदलायला सांगितलं, तोही बदलला. कान काही ऐकत नाही. आजही तिनं हळदीचं बोट लावलंय.

पंखा कुरकुरतो. कुर्र. कुर्र. मग त्या आवाजाची लय बदलते. खर्र. आणि शांतता. खर्र. आणि शांतता.

ही लय मालनला ओळखीची आहे. कानस पुढं जाताना कापते. मागं येताना उचलायची असते. मागं येतानाही घासत येणारा माणूस निवृत्तीच्या लेखी माणसातच नव्हता.

ती डोळे उघडते. की न उघडताच बघते? कॉटच्या पायथ्याशी निवृत्ती बसलाय. अंगात खिशाला भोक पडलेला तोच खाकी शर्ट. कॉटचा लोखंडी पाय त्यानं शेगड्याच्या जबड्यात आवळून धरलाय आणि मान तिरकी करून तो घासतोय.

"अहो," मालन म्हणते, "तुम्ही गेलाय."

"माहीत आहे. तिथंच होतो मी."

"मग आलात कशाला?"

"तूच दुकान मांडून बसलीयस. म्हटलं बघावं, काय भाव चाललाय." तो कागदावर नजर टाकतो. "यातली कुठली ठेवणार माझ्यापुढं?"

मालन सगळ्यांत मोठी सपाट कानस उचलते. लाकडी मुठीची, भारदस्त. "ही."

"ही भरड कानस. फाटकाची बिजागरी घासायची. ही ठेवलीस तर वर सगळे म्हणतील, सुतार जन्मभर फाटकं करत होता."

"वरून बघतात?"

"दुसरं काम काय आहे तिथं!"

"मग ही तिकोनी?"

"ती करवतीचे दात लावायची. आपल्याकडं करवत कधी होती?"

"आडनाव सुतार. मला वाटलं, असेल एखादी."

निवृत्ती तिच्याकडं बघतो. हे बघणं तिला पाठ आहे. याचा अर्थ 'हसू आलंय पण देणार नाही' असा होतो.

"कानस अशी निवडत नाहीत, मालन. उठ. चल."

ती कॉटवरून पाय खाली सोडते तो थेट मंडईत पडतो. सांगलीची भाजी मंडई, तीच वरची ताडपत्री, तोच कोबीचा वास. फक्त शेवग्याच्या शेंगांच्या जागी कानशींच्या जुड्या रचून ठेवल्यात. गोल कानशी गवारीसारख्या ढिगात आहेत. लिंबांच्या ढिगात पितळी नोझल मिसळलेत, आणि ते दोन्ही एकाच पिवळ्या रंगात चमकतायत. भाजीवाली पाण्याचा हबका मारायला जाते तशी निवृत्ती ओरडतो, "अगं बाई, गंजतील!"

"रोज मारते की, दादा. ताजी दिसायला पायजेत." भाजीवाली हबका मारतेच. "काय देऊ, वैनी?"

"कानस द्या एक. चांगली बघून."

"कशाला पायजे?"

"फोटोपुढं ठेवायला."

"फोटो घासायचाय?" निवृत्ती विचारतो. "मालन, चांगली कानस, वाईट कानस असं नसतं. काय घासायचं ते आधी. किती घासायचं ते मग. कानस शेवटी. तू जावई आधी आणतेस आणि मुलगी नंतर शोधतेस."

भाजीवाली भेंडी निवडावी तशी एकेक कानस उचलून तिच्या दातांवरून अंगठा फिरवते. "पितळंला पायजे असंल तर नवी घ्या. जुन्यावरनं पितळ निसटतंय. नवी आली की आधी पितळंला वापरायची, दात गेलं की मग लोखंडाला."

"म्हणजे सुनेचं उलट," मालन म्हणते. "सून नवी असते तेव्हा सगळं लोखंड तिच्याच वाट्याला. पितळेपर्यंत येते तोवर तिचे दात गेलेले असतात."

भाजीवाली एवढी हसते की ताडपत्री हलते. मग कोथिंबीर टाकावी तशी ती घासकागदाची जुडी वरून फुकट टाकते.

निवृत्तीचं तिकडं लक्षच नाही. त्यानं लिंबांतला एक नोझल उचललाय, आणि सवयीनं, न विचारता, मालनचा पदर हातात घेतलाय. नोझलच्या तोंडावरून तो पदराचा काठ हळूच ओढतो.

मालनच्या सगळ्या लुगड्यांचे पदर असे धागे निघून गेलेत. पितळ कापलं, त्याला भोक पाडलं, की काठावर केसासारखी बारीक, धारदार कड उभी राहते. डोळ्याला दिसत नाही, पण बोट कापते. तिला कारखान्यात 'बर' म्हणतात. नोझलला बर राहिली तर औषधाची फवारणी वाकडी जाते, म्हणून निवृत्ती प्रत्येक नगाची परीक्षा घ्यायचा, आणि त्याच्या मते मालनच्या पदराइतकं चांगलं हत्यार कुठल्या दुकानात मिळत नव्हतं. धागा अडकला की बर आहे. गल्लीतल्या बायका कौतुक करायच्या, 'या वयातसुद्धा सुतार येता जाता बायकोचा पदर धरतात!' मालन लाजल्यासारखं करायची. कोण सांगत बसतंय!

आताही धागा अडकतो. निवृत्ती नोझल टोपलीत फेकतो आणि खणखणीत ओरडतो, "बर राहिली!"

सबंध मंडई दचकते. मालन तेवढी दचकत नाही. ही आरोळी तिनं इतक्यांदा ऐकलीय, की रेल्वे फाटकाजवळ राहणाऱ्याला गाडी ऐकू येऊ नये तशी ती तिला ऐकूच येत नाही.

पिशवी उचलायला ती वाकते आणि सरळ होते, तेव्हा ती बाकावर बसलेली आहे. तिचाच बाक. फाट्यावरचा. शेजारी निवृत्ती. समोरून एक एसटी जाते; खिडक्यांतून सगळे झोपलेले दिसतात, कंडक्टरसुद्धा. निवृत्ती बाकाच्या कडेवरून नख फिरवतो.

"कडा गोल करून घेतल्यास."

"गवंड्याच्या डोक्यावर बसून."

"चालेल." मग तो मागं वळून पाठीवरची अक्षरं वाचायला लागतो. रंग ओला आहे. आपलं नाव तो काही चूक नाही ना अशा नजरेनं वाचतो. खालच्या ओळीवर थांबतो. "हे काय?"

"ते तुमचे शब्द."

"माझे?"

"शेवटचे." मालनचा आवाज तिच्या नकळत मऊ होतो. "मी कॉटजवळ आले होते. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. हात उचललात, असा, आशीर्वाद दिल्यासारखा. आणि म्हणालात, बरी राहा."

निवृत्ती ती ओळ पुन्हा वाचतो. मेलेल्या माणसाला घाई नसते, पण हा त्याहूनही जास्त वेळ घेतो.

"मालन, मी जन्मात कधी असलं काही बोललो होतो का?"

"नाही. म्हणून तर बाकावर लिहितेय."

"मी म्हणालो, बर राहिली."

एसटी उलटी परत जाते. मालन तिच्याकडं बघते. तिकडं बघितलं की इकडचं ऐकू येत नाही, असं तिला वाटतं.

"'राहा' म्हणालात."

"'राहि' म्हणालो. 'ली'ला दम पुरला नाही."

"मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय!"

"कानांचंच सांगतोय."

 रडायला लागली तर पुढचं बोलता येणार नाही, म्हणून मालन भांडायला लागते. "म्हणजे वर्षभर मी काय जपलं? अहो, जेवण जात नव्हतं, तर म्हणायची, त्यांनी सांगितलंय बरी राहा, आणि दोन घास ढकलायची. रोज शुगरच्या गोळ्या घेतल्या. तुमच्या शब्दाखातर कारल्याचा रस प्याले मी!"

"रस?"

"रोज सकाळी! अनशापोटी!"

"आता कशी आहे शुगर?"

"कमी आहे."

"मग चुकून का होईना, लागू पडला की."

"हसू नका. रोहिणीनं सगळ्या नातेवाइकांना सांगितलंय. तिच्या सासूनं ऐकून डोळे पुसले, आणि ती बाई कांदा चिरतानासुद्धा रडत नाही. आणि तुम्ही मरताना कुठल्या मेल्या नोझलचा विचार करत होता! निदान त्या घटकेला तरी नोझल सोडायचा होता हो. बायको समोर उभी होती."

तिला आता त्याच्याजवळ बसायचंच नाही. ती ताडकन उठते, आणि उठते तो तिच्या हातात ताट आहे.

तासगावचं माहेर. बैठकीत सतरंजी अंथरलीय. आप्पा आणि आई, दोघं कधीच गेलेले, धुतल्यासारखे स्वच्छ बसलेत. समोर पाहुणे आहेत, आणि त्यांच्यात निवृत्ती, डोक्यावर सगळे केस असलेला. मालन दाखवून घ्यायला उभी आहे. ताटात पोह्यांच्या बशा असायला हव्यात, पण ताटात कानशी आहेत, आणि त्यांच्यावर खोबरं-कोथिंबीर पेरलीय. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मालनला एवढीच काळजी, की पाहुण्यांना चमचे द्यायचे राहिले.

निवृत्ती मुलीकडं बघत नाही. ताटाच्या काठावरून हळूच अंगठ्याचं नख फिरवतो. आणि पुटपुटतो.

"काय म्हणाला मुलगा?" एका कानानं बहिरे असलेले आप्पा विचारतात.

आई तोंडभर हसते. "म्हणाला, बरी राहील."

"वा! मग ठरलं की! साखर आणा!"

मालन ताट हातात धरून तशीच उभी आहे. खऱ्या दिवशी तिला पायांच्या अंगठ्याशिवाय काही दिसलं नव्हतं आणि छातीतल्या धडधडीशिवाय काही ऐकू आलं नव्हतं. आज ती पहिल्यांदा नीट ऐकतेय. ती हळूहळू मान वर करते.

"तेव्हाही?"

निवृत्ती सतरंजीकडं बघतो. "ताट नवीन होतं. काठाला बर होती. मी आपलं सांगितलं."

"माझं लग्न ताटामुळं झालं?"

"आईला तुझ्या घाई होती."

"मग तेव्हाच का नाही बोललात, मावशी, चूक झाली, मी ताटाचं म्हणत होतो?"

"एवढा का मी खुळा होतो?" निवृत्ती म्हणतो. मुलीकडचे साखर वाटतात आणि तो डाव्या हातानंच घेतो, कारण उजवा अजून ताटाच्या काठावर आहे.

मालनला हसू येतंय की रडू, तिला कळत नाही. तिला एक आठवतं. "दुसऱ्या दिवशी तुम्ही सायकलवरून परत आला होता. आप्पा घाबरले. म्हणाले, मुलाकडचे आता काहीतरी मागणार."

"मागितलं की."

"ताट मागितलंत. अंगणात बसून त्याचा काठ घासलात, आणि चहासुद्धा न घेता गेलात. आम्हाला वाटलं, मुलगा जरा कमी आहे."

"तुझ्या बोटाला चिंधी होती," निवृत्ती म्हणतो. "बघायला आलो त्या दिवशी. तू पदराखाली लपवली होतीस. ताटानं कापलं असणार."

मालन बोटाकडं बघते. चिंधी आहे. तीच, हळदीनं पिवळी झालेली. कुणाला दिसली नाही अशी तिची समजूत होती. आईलासुद्धा दिसली नव्हती.

 आप्पा साखर हातात घेऊन थांबलेत. मालन ताट खाली ठेवते आणि फार सावकाश विचारते, "अहो, मग शेवटी... कशाला बर राहिली होती?"

"चष्मा काढ."

ती चष्मा काढते. त्यासरशी आई, आप्पा, पाहुणे, सतरंजी, सगळं धुक्यात जातं. निवृत्ती तेवढा काठासकट स्पष्ट दिसतो. आजूबाजूला शेडचा पत्रा असावा, कारण ऊन तडतडतंय.

"या चष्म्याची काडी मोडली होती," तो म्हणतो. "मी पडून होतो तेव्हा."

"तुम्ही पितळेची पट्टी बसवून दिलीत. नको म्हणत होते मी. बसवत नव्हतं तुम्हाला."

"पट्टी बसवली. रिव्हेट मारला. बाहेरून गुळगुळीत केली. आतली बाजू राहिली, कानाकडची. म्हटलं, जरा पडतो, उठल्यावर करू." तो क्षणभर थांबतो. "उठायचंच राहिलं. आणि तू आलीस ती चष्मा घालूनच आलीस! मी हात उचलला तो आशीर्वादाला नव्हे गं. कानाकडं दाखवत होतो."

मालनचा हात उजव्या कानामागं जातो. हळद. खोबरेल. साबण.

"वर्षभर!" ती म्हणते. "डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी आहे."

"चष्मा दाखवलास त्यांना?"

"कशाला दाखवीन? आणि दुरुस्तीला कुणाच्या हातात देईन? तुमचं शेवटचं काम होतं ते."

"घरी तरी बघायचं नीट."

"कशी बघू? चष्मा घातला की चष्मा दिसत नाही, आणि काढला की काहीच दिसत नाही!"

आता मात्र निवृत्ती हसतो. दात दाखवून. हा प्रकार मालननं जिवंतपणी फारसा बघितला नव्हता, त्यामुळं ती धुक्यातसुद्धा नीट बघून घेते.

"मग काढा की बर आता," ती चष्मा पुढं करते.

"मी मेलोय, मालन. माझ्या हातानं पितळ कापत नाही. मघापासून कॉटचा पाय घासतोय, बघ, ओरखडा तरी उठलाय का? तूच काढ. कानस निवड."

शेडमधलं टेबल तिच्यापुढं आहे, त्यावर सगळं वऱ्हाड. निवृत्ती भिंतीला टेकून उभा राहतो, तोंड मिटून. रोहिणी पाढे म्हणायची तेव्हाही तो असाच उभा राहायचा.

मालन सपाट कानस उचलते. काडीच्या आतल्या बाजूला लावून बघते. काडी कानामागं वळलेली. सपाट कानस वळणाच्या दोन टोकांवर बसते, मध्ये पोचतच नाही. ती खाली ठेवते. गोल उचलते, उंदराच्या शेपटीसारखी. ती आत पोचते, पण फार बारीक आहे. घासली तर एकाच जागी चर पडेल आणि चराला दोन नव्या कडा येतील. खाली. मग तिला कोपऱ्यातली बोटभर कानस दिसते. सुईसारखी, एका अंगानं सपाट, दुसऱ्या अंगानं पोट आलेली. अर्धगोल. तिचं पोट काडीच्या वळणात असं बसतं, जशी तान्ह्या पोराची टाच आईच्या तळव्यात.

"वळण बघून घ्यायची," ती स्वतःशीच म्हणते. "बर बघून नव्हे."

 निवृत्तीनं खिशातून खडूचा तुकडा काढून टेबलावर ठेवलेला असतो. कानशीच्या दातांत पितळ अडकू नये म्हणून तिच्यावर आधी खडू चोळतात. शाळेत न गेलेल्या वस्तूला पाटीवर लिहायला शिकवावं तसा मालन तिच्यावर खडू चोळते.

खर्र. उचल. खर्र. उचल.

"हळू. दाबू नकोस. भाकरी थापत नाहीयेस."

"भाकरी तरी दिसते. मला इथं काही दिसत नाहीये!"

"बर बघायची नसते. नखाला विचारायची."

ती नख फिरवते. अडतं. अजून थोडं. खर्र. उचल. नख फिरवते. निसटतं. मग ती स्वतःच पदराचा काठ घेते आणि काडीच्या आतून हळूच ओढते. पदर येतो. सगळाच्या सगळा येतो, दुधावरून फुंकर जावी तसा, कुठं न अडता.

दोघंही त्या पदराकडं बघत राहतात.

"नाही राहिली," मालन म्हणते.

"चालेल," निवृत्ती म्हणतो. आणि भिंतीपासून सुटतो. त्याच्या अंगावरचा खाकी रंग उन्हात विरायला लागलाय. "तीच ठेव उद्या. वर सांगेन, बायकोनं निवडलीय."

"निघालात? अहो, थांबा. शेंगापोळी आहे उद्या." मालनला एकदम घाई होते. "निदान आता तरी एक गोड शब्द बोला. चुकून नको. मुद्दाम. बाकावर लिहायला."

निवृत्ती विचारात पडतो. खरोखर प्रयत्न करतो बिचारा. तुंबलेल्या नोझलमधून काहीतरी यावं तसे त्याचे ओठ हलतात. मालन श्वास धरून उभी राहते.

"बरं," निवृत्ती म्हणतो.

आणखी काहीतरी येईल म्हणून ती थांबते. येत नाही. निवृत्ती विरतो, पत्रा विरतो, टेबल विरतं. त्याच्या त्या 'बरं'वरचं टिंब तेवढं हवेत राहतं. ते टिंब हळूहळू वर जातं, छताला चिकटतं, आणि बघता बघता त्याचा पंख्याच्या मधला गोळा होतो. कुर्र. कुर्र.

"काकू! ओ मालनकाकू! हाय का घरात?"

खिडकीच्या गजांत इलाही पेंटरचा चेहरा आहे, कानावर ब्रश. ऊन कलतंय. मालन कॉटवर पडलीय. कानशी अंगाखाली टोचतायत. चष्मा डोळ्यांवर नाही, डाव्या हातात आहे. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. ती उठून बसते आणि मूठ उघडते.

तळहातावर पिवळी पूड आहे. चिमूटभर.

हळद, ती मनात म्हणते. कानाला लावलेली, झोपेत हाताला लागली असेल. ती तळहात खिडकीच्या उन्हात नेते. हळद चमकत नाही. ती बोटानं चोळून बघते. हळद टोचतही नाही.

ती चष्मा घालते. थांबते. कान काही बोलत नाही.

"काकू, झोपला होता काय? खालची ओळ मारून घेतो ऊन हाय तवर. 'बरी राहा', न्हवं? 'रा' जरा झोकदार काढतो."

"थांब, इलाही. ओळ बदललीय."

"आता?"

"'बर राहिली' असं लिही."

इलाही हवेत बोटानं लिहून बघतो. त्याचं बोट शेवटी वर जातं आणि अडतं. "बरं राहिली? म्हंजे कोण राहिली, काकू?"

"बरं नव्हे. बर. काकांचे शेवटचे शब्द. आमच्या ऐकण्यात चूक झाली होती."

"पण टिंबाशिवाय चुकीचं दिसंल की. थांब्यावर मास्तर लोकं बसत्यात, मला शिव्या घालतील. एक टिंब देतो की वर. ब्रश नुसता टेकवायचा."

"फिटरही बसतात तिथं. ते वाचतील बरोबर, आणि पिशवीतला नग काढून पुन्हा एकदा नख फिरवून बघतील."

"आवो, पन टिंब—"

मालन कॉटवरून उठते, खिडकीशी जाते, आणि गजांतून हात बाहेर काढून तळहात त्याच्या नाकासमोर धरते. उन्हात पिवळी पूड लकलकते.

"टिंब घासून काढलंय," ती म्हणते. "हे बघ."